टेकडीवरचं एकटं झाड, फोटोवरून जलरंगात

दिवाळी उरकली की पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचं गवत पिवळं पडू लागतं. पावसाळाभर हिरव्यात बुडालेली झाडं मग सुटी सुटी दिसतात. माळावर एखादा हिवर उभा असतो, छत्रीसारखा पसरलेला. आसपास दुसरं झाड नाही, मागे लांबवर सिंहगडाची निळसर रेघ. फिरायला आलेला माणूस थांबतो, मोबाईल काढतो, फोटो घेतो आणि पुढे निघतो. घरी चहा घेताना तो फोटो पुन्हा समोर येतो आणि वाटतं, हे रंगवता आलं पाहिजे.

येतं. शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरला नसेल तरी येतं. एकट्या झाडाच्या चित्रात तीनच गोष्टी असतात: आभाळ, जमीन आणि झाड. वाड्याच्या खिडक्या नाहीत, रस्त्याचं पर्स्पेक्टिव्ह नाही, कुणाचा चेहरा हुबेहूब यायला हवा अशी धास्ती नाही. फांदी दोन मिलिमीटर इकडे गेली तरी झाड झाडच राहतं. म्हणून नवीन माणसाने सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः मात्र पहिली दोन वर्षं चुकीच्या टोकापासून सुरुवात करत होते. फोटो घरी आणायचा आणि त्यात दिसेल ते सगळं कागदावर उतरवायचं. गवताची पाती, पानं, लांबचा मोबाईल टॉवर, सगळं. चित्रं पूर्ण व्हायची, पण टेकडीवर थांबायला लावलेलं जे काही होतं ते त्यात नसायचं. फोटोत सगळं सारख्याच नेमाने टिपलेलं असतं. तिथे उभं असताना आपण त्यातलं निम्मंसुद्धा पाहिलेलं नसतं. चित्र काढायचं ते पाहिलेल्याचं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे झाडासमोरच ठरवा. घरी फोटोसमोर बसलं की सगळंच महत्त्वाचं वाटायला लागतं.

टेकडीवर: आधी बघा, मग फोटो

झाड आवडलं की लगेच मोबाईल काढू नका. दहा मिनिटं द्या. झाडाभोवती एक चक्कर मारा. चार पावलं सरकलं की तेच झाड वेगळं दिसतं. एका बाजूने फांद्या एकमेकींवर येऊन नुसता गोळा होतो, तर दुसऱ्या बाजूने खोड कुठे दुभंगलं, कुठली फांदी कुठे वळली हे स्वच्छ कळतं. ती दुसरी बाजू शोधायची.

ऊन कुठून येतंय ते बघा. एका कुशीने ऊन आलं की झाडाला गोलाई मिळते. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असतं, सावली बुंध्याशी गोळा होते आणि झाड सपाट दिसतं. पुण्यात नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. आठच्या सुमारास झाडाची सावली त्याच्या उंचीच्या तिपटीहून लांब असते. चित्राला ही वेळ फार चांगली. वेताळ टेकडीवरून सिंहगड दक्षिणेला, जरासा नैऋत्येकडे दिसतो. सकाळी गडाकडे तोंड करून उभं राहिलं की ऊन डावीकडून येतं आणि सावली उजवीकडे जाते. माझ्या या लेखातलं झाड असंच उभं आहे असं धरा.

आता फोटो. बहुतेकांची चूक इथे होते: झाडाच्या जवळ जाऊन, मोबाईल वर तिरका करून फोटो घेतात. त्यात खोड जाडजूड येतं, माथा आक्रसतो आणि मागचा सिंहगड चिंचोक्याएवढा होतो. त्याऐवजी तीस-चाळीस पावलं मागे जा, दोन पट झूम करा आणि मोबाईल डोळ्यांच्या उंचीला, सरळ उभा धरा. डोळ्यांना जसं दिसतं त्याच्या जवळ जाणारी प्रमाणं मिळतील. झाडाच्या चारही बाजूंनी मोकळी जागा येऊ द्या. कापायचं ते नंतर कापता येतं.

एकच फोटो घेऊन थांबू नका. एकदा स्क्रीनवर झाडाच्या गडद भागावर बोट टेका. आभाळ पांढरं फटक होईल, पण फांद्यांमधलं सगळं दिसेल. एकदा आभाळावर बोट टेका. झाड काळं होईल, पण आभाळाचे रंग मिळतील. मग बुंधा जमिनीत शिरतो त्या जागेचा एक आणि मोठ्या दुबेळक्याचा एक, असे दोन जवळचे फोटो घ्या. घरी गेल्यावर नेमक्या याच दोन जागी अडायला होतं.

आणि खिशात एक छोटी वही ठेवा. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

«सकाळी ८. ऊन डावीकडून. सगळ्यांत उजळ: गडाच्या लगेच वरचं आभाळ. सगळ्यांत गडद: माथ्याच्या खालची, फांद्या निघतात ती जागा. गवत पायाशी गुळाच्या रंगाचं, लांब तुपाच्या रंगाचं. सावली निळसर. फोटोत काळी येईल, फसू नये.»

रंगांची नावं येत नसतील तर अशीच स्वयंपाकघरातली नावं लिहा. गूळ, तूप, ताक, शिळी मेथी, राख. संध्याकाळी रंग कालवायला बसाल तेव्हा ‘पिवळसर तपकिरी’ या शब्दांपेक्षा ‘गूळ’ जास्त कामाला येतो.

त्याच पानावर काडेपेटीएवढा चौकोन आखून त्यात झाड, जमिनीची रेघ आणि सावली एवढंच काढा. पाच मिनिटं लागतात. रेषा चांगल्या आल्या नाहीत तरी काही बिघडत नाही. तुमचं चित्र काय असणार ते या चौकोनात ठरलं.

साहित्य थोडंच, पण कागद चांगला

पैसे वाचवायचे असतील तर रंगांवर वाचवा, कागदावर नको. ड्रॉइंगच्या साध्या वहीचा कागद पाणी लागताच फुगतो, रंग ओढून घेतो, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खडबडीत, जमल्यास कॉटनचा कागद घ्या. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांचं असतं. त्याचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकरा इंचांचे कागद मिळतात, सुरुवातीला तेवढा आकार पुष्कळ. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. कागद कसा बनतो याची ज्याला ओढ आहे त्याने तिथे एकदा जाऊन यावं. मात्र कुठलाही हातकागद जलरंगाला चालतोच असं नाही. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. टीपकागदासारखा लगेच शोषला तर त्याच्यावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, नीट पसरणार नाही. थेंब थोडा वेळ वर टिकला तर कागद कामाचा.

रंग पाच: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, क्रिमसन. हिरवा नाही, काळा नाही. दोन्ही आपण बनवणार आहोत. ब्रश १२ आणि ६ नंबरचे राउंड, कागद भिजवायला एक रुंद फ्लॅट आणि बारीक डहाळ्यांसाठी लांब केसांचा रिगर. सिंथेटिक चालतात. पॅलेट म्हणून घरातली पांढरी ताटली, पाण्याची दोन भांडी, जुन्या सुती साडीचा तुकडा, मास्किंग टेप, एक पाट किंवा बोर्ड. झालं.

फोटोशी सौदा

घरी आल्यावर मोबाईलमध्ये फोटोची एक प्रत काळी-पांढरी करून ठेवा. रंग गेले की उजळ काय आणि गडद काय हे खरं कळतं. रंगीत फोटोत हिरवं झाड आणि पिवळं गवत फार वेगळे वाटतात. काळ्या-पांढऱ्यात कधी कधी दिसतं की दोघांची गडदी जवळपास सारखीच आहे. तसं असेल तर चित्रात एकाला मुद्दाम गडद करावं लागेल, नाहीतर झाड गवतात विरून जाईल.

स्क्रीनवरून थेट रंग जुळवायला जाऊ नका. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, कागद टाकत नाही. त्या चमकीच्या मागे लागलं की चित्रात रंग भडक होत जातात. मी एकदा एका दुकानातून प्रिंट काढून आणली, तर यंत्राने आपल्या मनाने रंग ‘सुधारले’ होते. आभाळ जाहिरातीतल्यासारखं निळं, गवत नारिंगी. त्या प्रिंटवरून काढलेलं चित्र फाडून टाकावं लागलं. तेव्हापासून मी पोस्टकार्डाएवढी काळी-पांढरी प्रिंट समोर ठेवते आणि रंगांसाठी वही उघडते.

फोटोतली सावली जवळजवळ नेहमीच खोटी असते. एक तर ती काळी पडते, नाहीतर नवे मोबाईल ती आपोआप उजळ करतात आणि सगळं गुळगुळीत होतं. प्रत्यक्षात सावलीत आभाळाचा उजेड पडत असतो, म्हणून ती निळसर असते आणि तिच्या आतलं गवतही दिसत असतं. या बाबतीत फोटोचं ऐकायचं नाही.

पोस्टकार्डावर तीन छटा

रंग उघडण्याआधी २बी पेन्सिलने पोस्टकार्डाच्या आकारात एक चित्र काढा, फक्त तीन छटांत: कोरा कागद, मधला राखाडी, गडद. डोळे बारीक करून प्रिंटकडे बघा. बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि मोठे आकार उरतात. आभाळ कोरं. लांबचा डोंगर आणि गवत मधलं. झाडाची सावलीकडची बाजू, खोडाचा वरचा भाग आणि जमिनीवरची सावली गडद.

हे करताना चौकटीचा निर्णयही घ्या. जमिनीची रेघ मधोमध नको. खालच्या तिसऱ्या हिश्शाजवळ ठेवली तर आभाळ मोठं होतं आणि झाडाचं एकटेपण जाणवतं. झाडही अगदी मध्यावर नको. सावली उजवीकडे पडते ना, मग झाड थोडं डावीकडे सरकवा, सावलीला पसरायला जागा मिळेल. टॉवर, वायरी, कागदाच्या कोपऱ्यातली अर्धी कापलेली झुडपं काढून टाका. सिंहगड फोटोत खोडाच्या बरोबर मागे आला असेल तर त्याला बाजूला सरकवा. फिरताना चार पावलं टाकली असती तरी तो सरकलाच असता.

मला विचाराल तर अख्ख्या कामातली सगळ्यांत मोलाची वीस मिनिटं हीच. पोस्टकार्ड बरं दिसलं तर चित्र बरं होतं. पोस्टकार्ड फसलेलं असताना रंगांनी ते सावरलं, असं माझ्या बाबतीत एकदाही झालेलं नाही.

कागदावर रेखाटन

कागद चारही बाजूंनी टेपने बोर्डाला चिकटवा. पेन्सिल हलक्या हाताने. आधी झाडाची उंची आणि पसारा मोजा: पेन्सिल प्रिंटवर आडवी धरून माथ्याची रुंदी घ्या, ती उंचीत किती वेळा बसते ते बघा. हिवराचा माथा पुष्कळदा उंचीपेक्षा रुंद भरतो. नवीन माणूस तो हटकून अरुंद काढतो, कारण मनातलं झाड आंब्यासारखं गोल असतं.

मग माथ्याची बाह्यरेषा, तुटक तुटक. त्यात पानांचे तीन-चार मोठे झुबके वेगळे करा. हिवराचे झुबके आडवे असतात, एकावर एक ठेवलेल्या पराती जणू. मग खोड आणि मोठ्या फांद्या. बारीक फांद्या पेन्सिलने काढूच नका, त्या ब्रशने येतील. अवघड वाटलं तर फोटो उलटा करा आणि फांद्यांऐवजी फांद्यांच्या मधल्या आभाळाचे तुकडे काढा. झाड विसरलं की हात खरं काढतो.

रंगवायला बसताना

पंखा बंद करा. पुण्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली वॉश पुरा पसरायच्या आत सुकतो. अशा दिवसांत सकाळी लवकर बसावं. पावसाळ्यात उलटं: एकेक थर वाळायला अर्धा अर्धा तास बसून राहावं लागतं. नोव्हेंबर-डिसेंबर मधले, सोयीचे.

आभाळ आणि गड. बोर्डाची वरची बाजू दोन पुस्तकांनी उचलून ठेवा. रुंद ब्रशने आभाळाचा सगळा भाग स्वच्छ पाण्याने भिजवा, झाडाच्या जागेसकट. झाड आभाळापेक्षा गडद आहे, ते वरून रंगवता येतं. अल्ट्रामरीन भरपूर पाण्यात कालवून वरून आडवे हात मारत खाली या, खाली येता येता पाणी वाढवा. क्षितिजाजवळ अगदी फिकट यलो ऑकर, त्यात कणभर क्रिमसन. नुसता पिवळा लावला तर निळ्यात मिसळून आभाळ हिरवट होतं. वाळल्यावर जलरंग फिके पडतात, म्हणून ओलं असताना थोडं जास्त वाटेल इतका रंग घ्या.

आता थांबा. कागदाची चमक जाईपर्यंत हात लावू नका. चमक गेली पण कागद अजून थंड लागतोय, या क्षणी अल्ट्रामरीन आणि थोड्या बर्न्ट सिएनाचा फिकट निळा-राखाडी घेऊन सिंहगडाची रेघ ओढा. कड किंचित मऊ होईल आणि गड दूर जाईल. बोटांच्या मागच्या बाजूने कागद तपासा, पुढच्या बाजूचा तेलकटपणा कागदाला लागतो.

गवत. आभाळ पूर्ण वाळल्यावर. लांबच्या पट्ट्यात पातळ यलो ऑकर, वहीतलं तूप. पायाशी येताना त्यात बर्न्ट सिएना वाढवत गूळ करा. पुढच्या भागात ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा घासा. कागदाच्या खडबडीत दाण्यांवरून तो उडत जातो आणि मधे पांढरे ठिपके सुटतात, ते उन्हात चमकणारं गवत. पात्यांची एकेक रेघ मारत बसू नका. शेवटी पाच-सहा पाती आली तरी डोळा बाकीची स्वतः भरून घेतो.

माथा. इथे थोडं रेंगाळू या, कारण बहुतेक चित्रं इथेच बिघडतात.

हिवराचं पान बाभळीसारखं, बारीक बारीक पर्णिकांचं. तीस पावलांवरून एकही पान दिसत नाही. दिसतो तो वरून उजळ, खालून गडद असा झुबका आणि त्यातून आरपार दिसणारं आभाळ. म्हणून पानं रंगवायची नाहीत. झुबका रंगवायचा.

ताटलीत आधीच दोन रंग भरपूर कालवून ठेवा. पहिला: लेमन यलोत थोडा अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना, उन्हातला कोवळा पण जरा धुळकट हिरवा. दुसरा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जवळजवळ सारखे, त्यात थोडा पिवळा, दाट. ट्यूबमधला तयार हिरवा टेकडीवर कुठेच नसतो. बर्न्ट सिएनाने हिरव्याचा भडकपणा मारला की तो इथला वाटायला लागतो.

१२ नंबरचा ब्रश आडवा धरा, टोकाने नाही, कुशीने टेकवा आणि ओढा. झुबक्याच्या डावीकडच्या, वरच्या बाजूने सुरुवात करा. कड तुटक राहू द्या. मधे मधे कोऱ्या जागा सोडा, तिथून मागचं आभाळ दिसेल. ही भोकं सारख्या अंतरावर, सारख्या आकाराची आली की झाड चाळणी होतं. एखादं मोठं, दोन-तीन बारीक, एका बाजूला जास्त. कडेजवळ जास्त, मध्यावर कमी.

पहिला हिरवा ओला आहे तोवर दुसरा, दाट रंग झुबक्याच्या खालच्या आणि उजव्या बाजूला टेकवा आणि सोडून द्या. तो स्वतः वर चढतो, ओल्यात मिसळतो, जी मऊ गोलाई येते ती हाताने आणता येत नाही. दाट रंगात पाणी कमी हवं. पाणी जास्त असलं तर ते आधीच्या रंगाला ढकलत जातं आणि कडेला दातेरी डाग पडतो. डाग पडलाच तर ओल्यात चोळू नका, वाळू द्या, नंतर त्यावर एखादा गडद झुबका बसतो.

एक झुबका झाला की दुसरा. सगळा माथा दहा-बारा मिनिटांत व्हायला हवा. मग ब्रश खाली ठेवा आणि उठून पाणी प्या. अर्धवट ओल्या पानांत पुन्हा जाण्याचा मोह आवरलात तर निम्मी लढाई जिंकलात.

खोड आणि फांद्या. झाड तपकिरी नसतं. खोडाकडे नीट पाहिलंत तर राखाडी, जांभळट, कुठे काळसर दिसतं. हिवराचं जुनं खोड खरबरीत, काळपट असतं, वरच्या तरुण फांद्यांची साल मात्र फिकी, पिवळसर राखाडी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणात निळा वाढवला की गार राखाडी मिळतो, सिएना वाढवला की ऊबदार. खोडाच्या डाव्या कडेला उन्हाची बारीक पट्टी फिकी ठेवा. वरचा भाग माथ्याच्या सावलीत असतो, तो सगळ्यांत गडद. खाली बुंध्याजवळ गवतावरून उसळलेला पिवळट उजेड खोडावर येतो, तिथे थोडा यलो ऑकर मिसळा. हे फोटोत सहसा दिसत नाही. झाडाखाली उभं राहून पाहिलं असेल तर आठवेल.

ब्रश नेहमी वाढीच्या दिशेने: बुंध्याकडून वर, फांदीकडून टोकाकडे. फांदी आपोआप बारीक होत जात नाही. ती दुभंगते तेव्हा बारीक होते. लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत नोंदवलं आहे की झाडाच्या कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्या खोडाएवढ्या जाड भरतात. चित्रात याचा अर्थ असा: खोड चार मिलिमीटर रुंद असेल आणि त्याला दोन सारख्या फांद्या फुटत असतील, तर त्या प्रत्येकी तीन मिलिमीटरच्या जरा आत येतील. दोन नव्हेत. नवीन माणसाच्या झाडाला खोड खांबासारखं आणि फांद्या सुतळीसारख्या असतात, त्याचं कारण हे.

मोठी फांदी पानांमागे जाते आणि पुढच्या भोकात पुन्हा दिसते. ती त्याच दिशेने पुढे आली पाहिजे. फांदीवर पट्टी ठेवल्यासारखी नजर फिरवून मगच भोकात रेघ मारा. बारीक डहाळ्या रिगरने, मनगट सैल ठेवून. माथ्याच्या बाहेर आलेल्या दोन-चार डहाळ्या पुरतात.

बुंधा जमिनीला मिळतो तिथे आडवी रेघ नको. गवत खोडाच्या पुढे येतं. तिथे ओल्या ब्रशने कड थोडी विरघळवा आणि वाळल्यावर कोरड्या ब्रशने गवताचे दोन फटकारे द्या. नाहीतर झाड जमिनीतून उगवल्याऐवजी जमिनीवर आणून ठेवल्यासारखं दिसतं.

सावली. ही एका दमात. अल्ट्रामरीन, त्यात थोडा क्रिमसन आणि बर्न्ट सिएना, पातळ, खालचं गवत दिसत राहील असा. बुंध्यापाशी गडद आणि स्पष्ट सुरू करा, उजवीकडे लांब जाताना पाणी वाढवत फिकी, कड मऊ. आपण जमिनीकडे जवळजवळ आडव्या नजरेने बघत असतो, त्यामुळे माथ्याची एवढी मोठी सावली कागदावर चपट्या पट्ट्यासारखीच येते. ती गोल काढली की जमीन भिंतीसारखी उभी राहते. जमिनीला उंचवटा असेल तर सावली त्याच्यावरून चढते आणि उतरते. या एका फटकाऱ्याने माळाचा आकार कळतो.

शेवटी हवं तर एक माणूस. पायवाटेवर, झाडापासून बराच लांब, ६ नंबरच्या ब्रशचे तीन ठिपके: डोकं, अंग, पाय. झाड केवढं आहे ते लगेच कळतं. मग टेप काढा, कागदापासून बाहेरच्या दिशेला, हळूहळू.

दुसरं, तिसरं झाड

पहिलं चित्र घेऊन अडकून पडू नका. त्याच पोस्टकार्डावरून त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा काढा. दुसऱ्या वेळी हात कुठे थांबायचं ते शिकलेला असतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, १९३१ साली गेलेले मोठे निसर्गचित्रकार, कोटीतीर्थाच्या परिसरात पुन्हा पुन्हा जाऊन वेगवेगळ्या वेळी तेच पाणी, तीच झाडं रंगवत. एकच जागा, पण उजेड दर वेळी नवा.

मग महिन्यांप्रमाणे झाडं बदला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. पानं नसतात, वेडीवाकडी फांदी आणि त्यावर केशरी. इथे क्रम उलटा करा: कोऱ्या कागदावर आधी फुलांचे झुबके लावा, मग त्यांच्या भोवतीने आभाळ आणि शेवटी काळसर फांद्या. निळ्यावर केशरी चढवायला गेलं की ते मातकट होतं. उन्हाळ्यात सालईची पानं गळलेली असतात आणि पापुद्रे सुटणारी तिची साल उघडी पडते. फांद्यांचा सराव करायला याहून चांगलं झाड मला माहीत नाही. पहिला पाऊस झाला की मात्र चोहीकडे इतकं हिरवं होतं की एकटं झाड वेगळं काढणं कठीण जातं, तेव्हा ढगांचा आधार घ्या. गडद ढगापुढे उजळ झाड, किंवा पांढऱ्या धुक्यापुढे नुसती काळपट आकृती.

चित्र पुरतं वाळलं की मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख, वेळ, झाडाचं नाव आणि ऊन कुठून होतं ते लिहून ठेवा. येत्या रविवारी फिरायला निघताना ते एका फोल्डरमध्ये घालून सोबत न्या. त्याच झाडासमोर, त्याच वेळी हातात धरा. खोडाचा रंग, सावलीची लांबी, माथ्याची रुंदी ताडून बघा आणि जे चुकलं असेल ते तिथल्या तिथे वहीत टिपून घ्या.